पहिली पळी

कुंदुज गाडीतून उतरली तेव्हा फाटकाशी उभी असलेली पोर आत वळून ओरडली, "आई, मॉस्कोची वहिनी आली."

वहिनी म्हणजे कुंदुज. हाक देणारी आरूके तिच्याच पोटची, सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. आणि जिला हाक गेली ती आई म्हणजे सोनुन, कुंदुजची सासू. ह्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. कझाक सीमेला लागून असलेल्या तलासच्या खोऱ्यात पहिलं मूल आजीच्या ओटीत घालायची रीत जुनी आहे. ते मूल आजीला आई म्हणतं, बापाला दादा आणि जन्म देणारीला वहिनी. गावाला सगळं ठाऊक असतं. मुलाला कुणी मुद्दाम बसवून सांगत नाही, कळत्या वयात त्याचं त्याला उमगतं. सगळे एका छपराखाली राहत आणि एका चुलीवरचं जेवत तेव्हा ह्या रीतीनं कुणाचं काही जात नव्हतं. पोर रात्री रडली तर हाक कुणालाही मारो, दोघीही उठायच्या. रीत घालून देणाऱ्यांनी छप्पर एकच धरलं होतं, एवढंच.

कुंदुज गुडघ्यावर बसली आणि तिनं पोरीला जवळ घेतलं. मानेला दुधाचा, चुलीच्या धुराचा आणि ऊन खाल्लेल्या केसांचा वास होता. आरूके अंग आखडून उभी राहिली, शिकवल्याप्रमाणे दोन्ही गाल पुढे केले, आणि मिठी सुटताच बॅगेकडे बघू लागली. बॅगेतला फ्रॉक अंगाला लावून पाहिला तर एक वर्ष मागे राहिलेला निघाला. सोनुन म्हणाली की काही बिघडत नाही, खालून झालर लावू. फोनवर दर रविवारी पोर दिसते, पण फोनमध्ये उंची कळत नाही.

ह्या वेळी ती सुट्टीवर आली नव्हती, राहायला म्हणून आली होती. निदान नवऱ्याशी, मक्सतशी, तसंच ठरलं होतं. तो मॉस्कोत टॅक्सी चालवत मागे थांबला होता. सासऱ्यांचा चीजचा बंद पडलेला कारखाना ह्या उन्हाळ्यात पुन्हा चालू करायचा, पहिला माल सीमेपलीकडे तराजच्या बाजारात पोचवायचा. माल पोचला तर मक्सत टॅक्सी सोडून घरी येणार आणि दोघं इथंच राहणार. नाही पोचला तर कुंदुज परत मॉस्कोला. दुकानात तिची जागा ऑगस्टअखेरपर्यंत धरून ठेवायचं मॅनेजरनं कबूल केलं होतं. पोरीनं आपल्याला आई म्हणावं अशी तिची मागणीही नव्हती. वहिनी तर वहिनी. रोज सकाळी त्या हाकेला ओ देता आली तरी पुष्कळ होतं.

कारखाना म्हणजे घरामागची एक दगडी खोली, तांब्याची मोठी कढई आणि चीज मुरायला ठेवायच्या फळ्या. सासरे तोकोन गावातल्या बायकांचं दूध घ्यायचे आणि दर शुक्रवारी माल गाडीत घालून नदीपलीकडे कझाकांच्या मुलखात न्यायचे. तेव्हा नाक्यावर कस्टमवाल्याच्या टेबलावर चीजचा एक गोळा ठेवला की दांडा वर व्हायचा. तराजच्या बाजारात सोनुनची ठरलेली जागा होती आणि तिथल्या बायका तिचं चीज चाखूनसुद्धा बघायच्या नाहीत, डोळे मिटून घ्यायच्या.

मग देश युनियनमध्ये गेला. पाच देशांची आर्थिक युनियन, मधल्या सीमा मालाला मोकळ्या, सगळ्यांना एकच कायदा. त्या ऑगस्टमध्ये कुंदुज नवी नवरी होती. नाक्यावर झेंडे लागले, बँड वाजला, कस्टमवाल्याची टपरी क्रेननं उचलून नेली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. गावानं मेंढा कापला. पानं वाढायचा मान तोकोन यांचा. आमच्यात मेंढ्याचा प्रत्येक तुकडा कुणाच्या पानात पडतो त्यावरून माणसाची पायरी कळते: डोकं मानाच्या पाहुण्याला, मांडीचं हाड वडीलधाऱ्यांना, आणि मोठ्यांचं ऐकावं म्हणून पोरासोरांना कान. तोकोन यांनी सुरीच्या टोकावर कान धरला आणि भर पंगतीत विचारलं की मंडळी, पाच भावांच्या ह्या पंगतीत आपल्या देशाच्या पानात काय पडणार असं वाटतं? मग कान स्वतःच्याच पानात टाकला आणि म्हणाले, "हाच. मुकाट ऐकायचं आणि चावत बसायचं."

लोक हसले. पुढे हसण्यासारखं काही राहिलं नाही.

कस्टमवाला गेला त्या जागी पशुवैद्यकाचा माणूस आला. चीज कुठल्या गाईचं, गाईच्या रक्ताची तपासणी झाली का, तिच्या कानात नंबर आहे का, शिक्का युनियननं मान्य केलेल्या प्रयोगशाळेचा आहे का. तशी प्रयोगशाळा तेव्हा अख्ख्या जिल्ह्यात नव्हती. तोकोन यांची गाडी दोनदा परत आली आणि तिसऱ्यांदा त्यांनी ती परड्यात आणून लावली ती कायमची. लाच खाणारा गेला हे चांगलंच झालं, पण त्याच्याबरोबर वाटही गेली.

उलट्या दिशेनं मात्र सगळं सुरळीत येऊ लागलं. बेलारूसचं लोणी चंदेरी कागदात, रशियाचं दूध खोक्यात, तेही महिनोन्‌महिने न नासणारं. गावात दारोदारी गाई, आणि दुकानाच्या फळीवर परदेशी दूध, तेही स्वस्त. चीनमधून येणाऱ्या कापडावर युनियनचा कर चढला आणि शिवणकाम करणाऱ्या बायकांनी यंत्रांवर चादरी घातल्या. जुन्या जपानी गाड्या महागल्या. आणि एक गोष्ट खरोखरच स्वस्त आणि सोपी झाली: माणसांचं जाणं. पूर्वी रशियात कामाला जायचं तर परवाना काढा, परीक्षा द्या, दर महिन्याला पैसे भरा. आता युनियनचा माणूस म्हणजे घरचाच माणूस, नुसता पासपोर्ट दाखवा आणि कामाला लागा. काम करून म्हातारे झालात तर पेन्शनमध्येसुद्धा धरणार. ह्या सगळ्यात खोटं काहीच नव्हतं. दुधाला रस्ता बंद झाला आणि दूध काढणाऱ्यांना सताड उघडला. आधी मक्सत गेला. आरूके तीन वर्षांची झाली तेव्हा कुंदुज गेली. आता गावात म्हातारे, मुलं, आणि फोन.

मॉस्कोत तिला काम मिळालं ते मोठ्या दुकानात, चीजच्या काउंटरवर. बोट दाबून चीज मुरलंय की नाही हे ती सांगू शकते म्हटल्यावर मॅनेजर खूश झाला. तीन वर्षं ती बेलारूसचं चीज कापून, तोलून, कागदात गुंडाळून देत होती. गिऱ्हाईक विचारायचं, तुमच्याकडे करतात का हो असलं? ती म्हणायची, करतात. मग कुठे मिळतं, असं विचारलं की ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायची.

आता तालुक्याला प्रयोगशाळा झाली होती. पाचही देशांत चालणारा शिक्का इथंच मिळत होता. म्हणून तर ही उडी.

मे महिन्यात तिनं कढई चिंचोक्याएवढा डाग राहणार नाही इतकी घासली. भिंतींना चुना दिला, फळ्या उकळत्या पाण्यानं धुतल्या. आरूके आधी दारातून बघायची, मग उंबऱ्यावर बसू लागली, मग एक दिवस हातात घासणी घेऊन आतच आली. दोन वेण्या घालायचं काम सोनुनकडे होतं. तिची बोटं हल्ली आखडायची, म्हणून एकदा आरूकेनं डोकं कुंदुजच्या मांडीवर टेकलं आणि म्हणाली, तू घाल, पण ओढू नकोस. कुंदुजनं इतक्या सावकाश वेणी घातली की पोर तिथेच झोपली. पाय मुंग्यांनी बधिर झाले तरी ती हलली नाही. दारातून सोनुननं ते पाहिलं आणि ती गुरांकडे गेली.

कानात नंबर टोचणारा माणूस आला त्या दिवशी अंगणात गावच्या सगळ्या गाई गोळा झाल्या. रक्त काढायचं, कानात पिवळा बिल्ला ठोकायचा, पुढची. शेजारचा कुबात, जो माल नेण्यासाठी आपली गाडी देणार होता, गाईंना धरता धरता म्हणत होता की आमच्या बायकोलाही एक लाव रे, रशियाहून परत आली तर ओळखायला. त्याची बायको इर्कुत्स्कला होती. सगळं सुरळीत चाललं होतं ते आरूकेच्या गाईपाशी अडलं.

ती गाय आरूकेच्या वाट्याची. मूल जन्मलं की त्याच्या नावानं एक वासरू सोडायचं आणि घरच्या कर्त्यानं आपल्या कुळाची खूण म्हणून त्याच्या कानाला सुरीनं खाच पाडायची, हेही आमच्यात जुनंच. आरूके जन्मली त्याच हिवाळ्यात तोकोन गेले. अंथरुणावरून उठवत नव्हतं तरी त्यांनी वासरू खोलीत आणवलं आणि कापऱ्या हातानं ती खाच पाडली, वेडीवाकडी. ते गेल्यावर सोनुननं अन्न सोडलं. तेव्हा चार मोठ्यांनी कुंदुजला बोलावून सांगितलं की तुझी सासू जगवायची असेल तर पोर तिच्या ओटीत घाल. पोर चाळीस दिवसांची झाली त्या दिवशी कुंदुजनं ती ओटीत घातली. सोनुन त्या संध्याकाळी जेवली.

"ह्या कानावर तुझ्या सासऱ्यांचा हात आहे," सोनुन गाईच्या गळ्यात हात टाकून म्हणाली. "त्यावर सरकारचं प्लास्टिक मी ठोकू देणार नाही."

बिल्लेवाल्यानं समजावलं, कुबातनं समजावलं. सोनुन रक्तसुद्धा काढू देईना. शेवटी कुंदुज म्हणाली की राहू दे, एका गाईनं काय होतंय. पण मग हिचं दूध वेगळं काढायचं, घरच्या चहाला वापरायचं, कढईत एक थेंब नको. सोनुननं मान हलवली. सासूची मान हलली म्हणजे हो, असं कुंदुजनं धरलं.

जून गेला, जुलै आला. सकाळी बायका दूध घेऊन यायच्या, आपापल्या दूरदेशीच्या मुलांच्या बातम्या सांगत बसायच्या. प्रयोगशाळेतून शिक्का आला तेव्हा कुंदुजनं त्याचा फोटो मक्सतला पाठवला आणि तो टॅक्सी बाजूला घेऊन किती तरी वेळ फोनवर नुसताच हसत राहिला. फळ्यांवर गोळे पिवळे होत चालले. आरूके रोज एकेकावर बोट दाबायची आणि गंभीर तोंड करून सांगायची, हे अजून झोपलंय, हे उठलंय. कुंदुजनं मनातल्या मनात शाळेच्या पहिल्या दिवसाची तयारी केली होती. एक सप्टेंबर, पांढरे फुलांसारखे बो, एका बाजूला आजी आणि दुसऱ्या बाजूला ती. कुणी कुणाचं काय लागतं हे विचारणारं तिथं कुणी नसतं.

ऑगस्टच्या मध्यावर कुबातच्या गाडीत माल भरला. सोनुन म्हणाली की मी येणार. तराजच्या बाजारातल्या तिच्या मैत्रिणी मेल्या की जिवंत आहेत हे तिला बघायचं होतं, आणि पहिल्या मालाबरोबर घरचं मोठं माणूस नको का. नवा रुमाल बांधून ती पुढच्या सीटवर बसली. कुबात म्हणाला, काकू, आज तुम्हाला पाहून नाक्यावरचे सलाम ठोकतील.

नाक्यावर पशुवैद्यकाची खोली नवी होती, वर कोपऱ्यात कॅमेरा. आतला कझाक तपासनीस तिशीचा, दाढी कोवळी, बोलायला सभ्य. त्यानं कागद पाहिले, शिक्का पाहिला, नंबरांची यादी एकेक करून मशीनवर ताडून पाहिली. सगळं बरोबर. तोवर सोनुननं टेबलाच्या रिकाम्या कोपऱ्यावर रुमाल पसरून भाकरी आणि चीज मांडलं होतं. कुणाच्या दारात जायचं आणि हात रिकामे ठेवायचे, हे तिच्या रक्तात नव्हतं. पोरानं नको नको म्हटलं, पण भाकरीला नाही म्हणत नाहीत. त्यानं तुकडा मोडला, वर चीज ठेवलं, आणि त्याचा चेहरा मऊ झाला.

"माझ्या आजीच्या हातची चव आहे ही," तो म्हणाला. "काय घालता यात?"

"घालायचं काय बाळा, दूध आणि मीठ." सोनुन फुलून गेली होती. "फक्त पहिली पळी पोरीच्या गाईची. वाट्याच्या गाईचं दूध आधी पडलं नाही तर कढईला बरकत नाही. तुमच्यात नाही का करत?"

"आजी करायची." तो हसत होता. सवयीनं त्यानं यादीवर पेन ठेवलं. "ह्यातली कुठली ती?"

"छे, ती ह्यात नाही. तिचा कान मी टोचू दिला नाही."

कुंदुजनं सासूचा दंड धरला, पण शब्द निघून गेला होता. पेन तिथंच थांबलं. त्यानं एकदा वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. तोंडातला घास त्यानं कसाबसा गिळला.

"आजी, हे मला सांगायला नको होतं."

"तू विचारलंस, मी सांगितलं," सोनुन म्हणाली. "तुला खोटं सांगून खाऊ घालू का?"

पुढचं तो खाली बघूनच बोलला. तपासणी न झालेल्या जनावराचं दूध प्रत्येक कढईत पडलंय, तेव्हा सगळा माल परत. गावची गुरं पुन्हा तपासायची. नोंद आता पाचही देशांच्या मशीनवर दिसणार, ती काढायची तर अर्ज, समिती, पुन्हा नमुने. कधीपर्यंत, असं कुंदुजनं विचारलं. तो म्हणाला की हिवाळ्याच्या आत तर होत नाही. हिवाळ्यात गाई आटतात हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून त्यानं ते वाक्य हळूच म्हटलं. जाताना त्यानं उरलेली भाकरी रुमालात नीट गुंडाळून सोनुनच्या हातात दिली. चीज मात्र त्याला देता आलं नाही. ते नमुना म्हणून ठेवून घ्यावं लागलं.

परतीच्या वाटेवर मागून चंदेरी लोण्याचा लांबलचक ट्रक आला, भोंगा वाजवून पुढे निघून गेला, गावांकडे. कुबात म्हणाला की आपला चीजचा गोळा फेकून मारला तर काच फुटेल का त्याची? मग स्वतःच म्हणाला, नाही फुटणार, आपला माल मऊ. सोनुन भाकरीचा रुमाल मांडीवर धरून सरळ समोर बघत होती.

माल कुठे न्यायचा हा प्रश्नच नव्हता. कुंदुजनं दारोदारी वाटला. ज्यांच्या गाईचं दूध होतं त्याच बायकांनी तो मुकाट घेतला.

दुसऱ्या दिवशी दोघी कढई धूत होत्या. आरूके अंगणात वासरामागे धावत होती. कुंदुज कढईच्या काठावरून हात फिरवत म्हणाली, "आई, मी नको म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस."

"मग?"

सोनुन पाणी ओतत राहिली. ती म्हणाली की घरात त्यांच्या हाताची एवढी एक खूण उरलीय, तिच्याशिवाय त्यांची कढई चुलीवर चढवायला तिचा हात होईना. एक पळी, एवढंच. कुंदुजला हे पटण्यासारखं होतं आणि पटत नव्हतं. तिच्या मनात नाक्यापासून जे सलत होतं ते तिनं विचारायला नको होतं, पण विचारलं.

"मी इथं राहावं असं तुम्हाला वाटत नव्हतं का?"

सोनुननं बादली खाली ठेवली.

"तू राहिलीस की पोर तुझी होणार. दोन महिन्यांत वेणी तुझ्याकडून घालून घ्यायला लागली ती. मला दिसत नव्हतं का? आणि तू गेलीस की माझा मुलगा येत नाही, तिकडेच म्हातारा होतो. मग तूच सांग, मी देवाकडे काय मागायचं होतं? रोज पहाटे पळी हातात घ्यायची आणि मला सुचायचं नाही. मी आपली घालत गेले. म्हटलं, काय करायचं ते तो करेल."

कुंदुजला वाटलं होतं की खरं ऐकलं की राग येईल आणि राग आला की मोकळं होता येईल. पण राग धरायला कुणी सापडेना. नाक्यावरचा पोरगा खोटा नव्हता. कायदाही वेडा नव्हता. तोकोन यांचे सांधे शेवटची किती तरी वर्षं धरलेले असायचे, संध्याकाळी ताप चढायचा, आणि तो कच्च्या दुधातून आलेला गुरांचाच आजार असं शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं. त्यांच्या तापातूनच उद्या दुसऱ्या कुणाचं पोर वाचावं म्हणून हे बिल्ले आहेत, हे तिला कळत होतं. फक्त बिल्ल्यांचा खर्च, प्रयोगशाळेची वाट बघणं, चुकलं तर पुढचा उन्हाळा, हे सगळं नेहमी ह्याच बाजूच्या पानात कसं पडतं, ते तिला कळत नव्हतं. आणि समोर उभी बाई चोर नव्हती. तिनं फक्त जवळचं माणूस सोडलं नव्हतं, आणि ते करायला तिच्याकडे एक पळी होती. कुंदुजकडे तेवढीही नव्हती.

तिनं बादली उचलली आणि उरलेलं पाणी झाडाला घातलं.

मक्सतला तिनं फोनवर सगळं सांगितलं, पळीचं सोडून. तो म्हणाला की बरं, तिकीट काढ. मग म्हणाला की पुढच्या वर्षी बघू. मागेही तो असंच म्हणाला होता, आणि कुबातची बायकोही कुबातला असंच म्हणते.

निघायच्या सकाळी सोनुननं पिशवीत भाकरी आणि वाळवलेल्या दह्याचं कुरुत भरलं, सुनेच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि आत गेली, ती बाहेर आली नाही. आरूके मात्र बसच्या थांब्यापर्यंत आली. एका हातानं बॅगेचा बंद धरून चालत होती, म्हणजे बॅग आपणच उचललीय असं तिला वाटावं. तिच्या वेण्या कुंदुजनं पहाटेच घातल्या होत्या, घट्ट, चार दिवस टिकाव्यात अशा. झालर लावलेला फ्रॉक घातला होता. बस यायला वेळ होता. दोघी दगडावर बसल्या.

"वहिनी," आरूकेनं विचारलं, "मॉस्कोत तुला मुलं आहेत?"

"एक मुलगी आहे. पण मॉस्कोत नाही, गावाकडे असते."

"मग तिच्याजवळ कोण असतं?"

कुंदुजनं तिच्या फ्रॉकची झालर उगाच सरळ केली. "तिची आई."

आरूकेनं थोडा विचार केला. उत्तरात काही तरी बसत नव्हतं हे तिच्या भुवयांवरून दिसत होतं, पण मोठ्यांच्या बऱ्याच गोष्टी बसत नाहीत.

"मग बरं आहे," ती म्हणाली.

बस आली. नाक्यावर सगळ्यांना खाली उतरवून रांगेत उभं केलं. रांग भराभर पुढे सरकली. काचेमागच्या शिपायानं पासपोर्ट उघडला, तिच्याकडे पाहिलं, शिक्का मारला, परत दिला. कुठल्या घरची, कशाला चाललीस, मागे कोण, काहीच विचारलं नाही. पलीकडे बसमध्ये चढताना शेजारच्या सीटवरची बाई, पहिल्यांदाच निघालेली, सुटकेचा श्वास टाकून म्हणाली की मी उगाच घाबरत होते, किती सोपं झालंय हो आता.

कुंदुज म्हणाली, हो.